गाडी चालवण्याची मजा : दांडा की 'डी'?

प्रश्न असा आहे : वय एकतीस, घर इंदिरानगरला, नोकरी अंबडच्या कारखान्यात. पहिली नवी गाडी घ्यायची आहे, पेट्रोल, बारा-तेरा लाखांपर्यंत. गाडी चालवायला मनापासून आवडते. महिन्यातून दोनदा सासरी कळवणला जाणे होते, अधूनमधून ठाण्याला. मित्र म्हणतात, मॅन्युअल नसलेली गाडी म्हणजे लिफ्ट. बटण दाबा आणि उभे राहा. वडील म्हणतात, आता कोण क्लच दाबत बसतो. बायको नुकतीच शिकली आहे, तीही चालवणार. चालवण्याची मजा घालवायची नसेल तर कुठला गिअरबॉक्स घ्यावा?

उत्तर लांबणार आहे. या प्रश्नाला एका ओळीत उत्तर देणारे लोक भरपूर आहेत आणि त्यांतले निम्मे माझ्याकडे क्लचप्लेट बदलायला येतात.

मी सत्तावीस वर्षे गिअरबॉक्स उघडतो आहे. आधी दुसऱ्याच्या गॅरेजमध्ये, मग अंबड लिंक रोडला स्वतःच्या. गिअरबॉक्सचे काम झाले की ट्रायल घ्यावीच लागते, आणि ट्रायल मी पोरांवर सोडत नाही. त्यामुळे नाशकात फिरणारा जवळपास प्रत्येक प्रकारचा गिअरबॉक्स, नवा, झिजलेला, कुणीतरी बिघडवून आणलेला, माझ्या हाताखालून गेला आहे. दुसऱ्या गिअरचा सिंक्रो (दातांचे वेग जुळवणारा भाग) कसा झिजलाय, प्लेट कुठे जळली आहे, हे बघितले की मालक कसा चालवतो ते कळते. चपलेच्या टाचेवरून माणसाची चाल कळावी तसे.

गेल्या दिवाळीच्या सुमारास एक तरुण आला. मॅन्युअलचा कट्टर भक्त, मागच्या काचेवर तसा स्टिकरसुद्धा. गाडी पंचवीस हजार किलोमीटर चाललेली आणि क्लच संपलेला. मी शेजारी बसून निघालो. साहेबांचा डावा पाय पूर्ण वेळ क्लचवर टेकलेला. पाथर्डी फाट्याच्या सिग्नलला गाडी हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धे दाबून, धरून ठेवलेली. पुढे चढ लागला तरी चौथाच गिअर, वेग चाळीसच्या आत, इंजिन ठोकत होते आणि हा गाण्याचा आवाज वाढवत होता. खालचा गिअर टाकावा हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हते. त्याने मॅन्युअल विकत घेतली होती, चालवत मात्र नव्हता. ऑटोमॅटिक दिली असती तर गाडीही सुटली असती आणि तोही.

तेव्हा आधी स्वतःला एक गोष्ट विचारा. आत्ता जी कुठली गाडी तुम्ही चालवता, वडिलांची म्हणा किंवा मित्राची, त्यात वळण यायच्या आधी तुमचा हात आपसूक गिअरच्या दांड्याकडे जातो का? की गाडी गुंगायला लागली, थरथरली, की मग जातो?

मला गाडी मामांनी शिकवली. ते एसटीत चालक होते. त्या काळच्या बसच्या गिअरबॉक्सला दयामाया नव्हती. वेग आणि गिअर जुळला नाही तर दातावर दात घासून असा आवाज निघायचा की मागच्या बाकावर डुलकी घेणारी म्हातारी जागी व्हायची. त्यावर उपाय म्हणजे डबल क्लच : क्लच दाबा, न्यूट्रल करा, क्लच सोडा, बेताची रेस द्या, पुन्हा क्लच दाबा आणि मग खालचा गिअर. कसारा घाट चढताना हे सगळे मामा कंडक्टरशी गप्पा मारत करायचे. मी विचारले, गिअर कधी टाकायचा हे कळते कसे? म्हणाले, ''गाडीला लागायच्या आधी टाकायचा. तिने मागितल्यावर दिला तर उशीर झाला.''

चालवण्याची मजा म्हणून जे काही असते ते माझ्या मते इथे आहे. वेळ साधण्यात. दांडा हे त्याचे एक साधन. सगळ्यात थेट साधन, पण साधनच.

यामागे गणित आहे, आणि ते अवघड नाही. बहुतेक लहान पेट्रोल गाड्यांत दुसऱ्या गिअरचे गुणोत्तर तिसऱ्याच्या साधारण दीडपट असते. म्हणजे तिसऱ्यात इंजिन मिनिटाला २,००० फेऱ्यांवर असेल तर त्याच वेगाला दुसऱ्यात ते ३,००० वर हवे. तुम्ही क्लच दाबून दुसरा टाकला आणि नुसता पाय सोडला, तर त्या हजार फेऱ्या येणार कुठून? चाके इंजिनाला फरफटत वर नेतात. गाडीला हिसका बसतो, सगळ्यांच्या माना पुढे जातात, प्लेट तेवढी घासली जाते. त्याऐवजी क्लच दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला हलकी टिचकी दिली, इंजिन तीन हजारांवर आले आणि नेमक्या त्या क्षणी पाय सोडला, तर गिअर बदलल्याचे शेजारच्याला कळतसुद्धा नाही. हे पहिल्यांदा जमते त्या दिवशी माणूस घरी जाऊन कुणाला तरी सांगतो, आणि समोरच्याला त्यातले काही समजत नाही.

आजच्या गिअरबॉक्समध्ये सिंक्रो दातांचे वेग जुळवून घेतो, म्हणून डबल क्लचची गरज उरली नाही. इंजिनाचा वेग जुळवणे अजून तुमच्या पायाकडे आहे. काही महागड्या मॅन्युअल गाड्या तेही काम स्वतः करतात. मला तो दुसऱ्याने चावून दिलेला ऊस वाटतो.

आता तुमच्या मित्रांचा लिफ्टचा आरोप. तो अर्धा खरा आहे. ऑटोमॅटिकच्या मेंदूला काय कळते? पाय किती दाबला आहे, वेग किती, इंजिन किती फेऱ्यांवर आहे, फार तर गाडी चढावर आहे का उतारावर. रस्ता त्याला दिसत नाही. पुढे डावे वळण आहे, वळणामागे चढ आहे आणि चढावर कांद्याची ट्रॉली रांगते आहे, हे तुम्हाला दिसते. तो गिअर देतो गाडीने मागितल्यावर. मामांच्या भाषेत, उशिरा. हा उशीर किती, आणि तो टाळायला तुमच्या हातात काही ठेवले आहे का, यावर प्रत्येक ऑटोमॅटिकची पारख करायची. कारण ऑटोमॅटिक या एका नावाखाली चार वेगळीच यंत्रे विकली जातात आणि शोरूममधला पोरगा चारही 'स्मूथ आहे सर' एवढ्यावर उरकतो.

एएमटी ही मुळात मॅन्युअलच. तोच गिअरबॉक्स, तोच क्लच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर टाकायला यंत्राचे हात बसवलेले. आपल्याकडे ती २०१४ च्या सेलेरिओपासून आली आणि स्वस्त म्हणून झपाट्याने पसरली. शहरात कामाची, मायलेज मॅन्युअलच्या तोडीचे. पण मजा हा निकष असेल तर यादीतून काढून टाका. गिअर बदलताना ती मधे दम खाते. ओढ तुटते, मान डुलते. दिंडोरीच्या पुढे ट्रॉलीला मागे टाकायला बाहेर काढलीत आणि नेमका तेव्हाच तिने श्वास घेतला, की समोरून येणारी एसटी फार मोठी दिसायला लागते. मॅन्युअल मोडमध्ये गिअर आधीच खाली घेऊन ठेवला तर सावरते, पण एवढे करायचे तर सरळ दांडाच बरा.

सीव्हीटीत गिअर नसतातच. दोन पुल्या, मधे पोलादी पट्टा. पुल्यांच्या बाजू जवळ-लांब होतात आणि गुणोत्तर सलग बदलत राहते. हिसका नावालाही नाही. मुंबई नाक्याच्या गर्दीत यासारखे सुख नाही. जोरात दाबली की इंजिन आधी ओरडते आणि गाडी मागून येते, रबर ताणून सोडल्यासारखी. पॅडलवर, म्हणजे स्टेअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्टीवर, जे गिअर बदलल्यासारखे वाटते ते प्रोग्रामने आखून दिलेले थांबे असतात. शांत माणसाची गाडी. तुमच्या प्रश्नात मजा हा शब्द नसता तर कदाचित हीच सांगितली असती.

टॉर्क कन्व्हर्टरवर जरा थांबतो, कारण त्याच्याविषयी गैरसमज जास्त. यात इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मधे क्लचप्लेटऐवजी तेल असते. दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा, एक चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागेल. इथे वाऱ्याच्या जागी तेल. मधे एक तिसरे छोटे चाक असते, स्टेटर. ते परतणाऱ्या तेलाची दिशा वळवते आणि निघतानाच्या ओढीला जोर चढवते. म्हणून ही गाडी जागेवरून अलगद तरी दमात निघते. पूर्वी तेलाच्या घसरणीमुळे या गाड्या सैल वाटायच्या आणि पेट्रोल प्यायच्या. आता ठरावीक वेगानंतर लॉक-अप क्लच दोन्ही बाजू जोडून टाकतो, घसरण संपते.

आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होणारी थार २०२० मध्ये सहा गिअरच्या मॅन्युअलमध्येही आली आणि सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्येही. दगडाधोंड्यांतून, चिखलातून चढवायची असेल तर मी डोळे झाकून ऑटोमॅटिक घेईन. तिथे चाक इंचाइंचाने फिरवावे लागते आणि मॅन्युअलमध्ये ते हाफ क्लचवरच होते. 'ऑफ-रोडला खरा गडी मॅन्युअलच चालवतो' असे सांगणाऱ्यांच्या जळक्या क्लचचा वास पावसाळ्यात माझ्या गॅरेजमध्ये भरून राहतो. तुमच्या बजेटजवळ पाहायचे तर ब्रेझा २०२२ पासून सहा गिअरच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये आली, पॅडलसह. उतारावर डावे पॅडल दोनदा ओढून गाडी इंजिनावर धरली की तीही बऱ्यापैकी गप्पा मारते.

मग डीसीटी, दोन क्लचचा गिअरबॉक्स. एका क्लचवर एक-तीन-पाच-सात, दुसऱ्यावर दोन-चार-सहा. तिसऱ्यात असताना चौथा आधीच लावून तयार. एक क्लच सुटतो तोच दुसरा धरतो, ओढ तुटतच नाही. फोक्सवॅगनने २००३ मध्ये गोल्फ आर३२ मध्ये हे रोजच्या वापराच्या गाडीत आणले. माणसाच्या हातापायाला इतके जलद जमणे शक्य नाही. पॅडल ओढले की लगेच गिअर. तुम्ही वळणाआधी मागा, तो वळणाआधी देतो. वेळ साधण्याची मजा इथे शाबूत आहे, फक्त पायातून बोटात आली.

अडचण वेगळीच आहे. यातल्या कोरड्या क्लचच्या डीसीटीला सरकत-थांबत चालणारी गर्दी सोसत नाही. तुम्ही ब्रेक थोडासा सैल करून गाडी पुढे रांगवता तेव्हा ती आतल्या आत हाफ क्लचच करत असते, आणि मॅन्युअलवाल्याचा क्लच जसा तापतो तसाच हिचाही तापतो. माझ्याकडे एका गृहस्थांची अशी गाडी आली होती. रोज नाशिकरोडहून द्वारका, तिथून पुढे. वॉरंटी संपलेली आणि क्लचच्या कामाचा अंदाज लाखाच्या घरात. ते खुर्चीत बसूनच राहिले बराच वेळ. तेलात बुडालेला ओला क्लच हे जास्त चांगले सोसतो. म्हणून डीसीटी घेणार असाल तर क्लच ओला की कोरडा हे आधी विचारा, आणि गर्दीत समोरच्या गाडीला दोन गाड्यांएवढी पुढे जाऊ द्या, मग एकदम जा. मागचा हॉर्न वाजवेल. वाजवू द्या.

आयएमटी म्हणून एक प्रकार २०२० मध्ये व्हेन्यूत आला : दांडा आहे, क्लच पेडल नाही. मला तो ना धड पोळी ना धड भाकरी वाटला. आय-ट्वेंटी एन-लाईनमध्येही आधी आयएमटी आणि डीसीटी होते. २०२३ मध्ये आयएमटी काढून तिथे क्लचसह सरळ सहा गिअरचा मॅन्युअल दिला. चालवायची हौस असणाऱ्या गिऱ्हाइकाला अर्धा मॅन्युअल नको असतो, एवढे त्यातून मी समजलो.

हौसेवरून आठवले. वेगाच्या हिशेबात मॅन्युअल कधीच हरला. १९८९ मध्ये फेरारीने फॉर्म्युला वनमध्ये स्टेअरिंगमागच्या पॅडलवर चालणारा गिअरबॉक्स उतरवला आणि नायजेल मॅन्सेलने ब्राझीलची पहिलीच शर्यत त्याच्यावर जिंकली. पुढे सगळ्याच टीम तिकडे वळल्या. २०१३ मध्ये पोर्शने ९११ जीटी३ ही ट्रॅकवर पळवायची गाडी फक्त डीसीटीत काढली, कारण घड्याळात तीच वेगवान. चार वर्षांनी, २०१७ च्या आवृत्तीत, सहा गिअरचा मॅन्युअल परत आला. लॅपला हळू असूनही तो मागणारे लोक होते. म्हणजे 'ऑटोमॅटिक आता मॅन्युअलपेक्षा फास्ट आहे' हा वडिलांच्या बाजूचा मुद्दा खरा, पण तुम्ही विचारले आहे त्याचे ते उत्तर नव्हे.

गिअरबॉक्सच्या नादात इंजिन विसरू नका. दांड्याची मजा येते ती गिअरची गरज असलेल्या इंजिनाला. बाराशे सीसीचे साधे, टर्बो (इंजिनात हवा कोंबणारा पंखा) नसलेले पेट्रोल इंजिन खाली मरगळलेले असते, त्याची जान वर, चार हजारांच्या आसपास. त्याला तिथे ठेवायचे तर गिअरशी खेळावेच लागते. त्यात आपले नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर. हवा विरळ, आणि टर्बो नसलेले इंजिन दर शंभर मीटरला सुमारे एक टक्का ताकद गमावते. म्हणजे ठाण्याहून वर येईपर्यंत पाच-सहा टक्के गेलेच. सप्तशृंगीगडावर चढलात की आणखी जातात. नांदुरीहून गडावर जाणारा रस्ता साधारण दहा किलोमीटरचा. स्विफ्टसारखी हलकी गाडी, पाच गिअरचा मॅन्युअल, दुसरा-तिसरा, दुसरा-तिसरा, वेग चाळीसच्या पुढे जात नाही आणि तरी घाम येतो. कायदा न मोडता गाडी पूर्ण वापरल्याचे समाधान अशाच गाडीत मिळते. नवरात्रात आणि चैत्रात जाऊ नका, तेव्हा खासगी गाड्या नांदुरीलाच थांबवतात आणि पुढे एसटी.

टर्बो पेट्रोलचे उलटे. अठराशे-दोन हजारांच्या पुढे ते एकदम ओढते आणि मग बराच वेळ सपाट ओढत राहते. गिअर एखादा वर-खाली झाला तरी चालून जाते. अशा इंजिनाला चांगला ऑटोमॅटिक शोभतो. उलट टर्बो मॅन्युअल गर्दीत दुसऱ्या गिअरमध्ये दीड हजारांवर रेंगाळली की मेल्यासारखी पडते आणि माणूस वैतागून हाफ क्लच करत बसतो.

आता तुमचा हिशेब. इंदिरानगर ते अंबड, जाऊन-येऊन बारा-चौदा किलोमीटर धरा, महिन्याचे तीनशे-साडेतीनशे. कळवण एका बाजूने सत्तर-ऐंशी, महिन्यातून दोनदा म्हणजे पुन्हा तीनशेच. तुमचे निम्मे चालवणे मोकळ्या रस्त्यावर आहे आणि तो रस्ता चालवण्याजोगा आहे : दिंडोरी, वणी, नांदुरी, अभोणा, डोंगर डाव्या-उजव्या हाताला आणि मधे द्राक्षाचे टेम्पो. बाकीच्या निम्म्यात सिंहस्थाची खोदकामे धरूनही क्लच तुम्हाला रोज अर्ध्या तासापेक्षा जास्त त्रास देणार नाही. ठाण्याच्या फेऱ्या मी मोजत नाही. जून २०२५ मध्ये समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून तिकडे गिअरबॉक्स कुठलाही असो, टॉपमध्ये टाकून बसायचे. कसारा घाटाने मुद्दाम जाणारे आम्ही थोडेच उरलो.

म्हणून तुमच्यासाठी माझे मत मॅन्युअलचे. हलकी गाडी, पेट्रोल, साधे इंजिन चालेल. टर्बोच हवी तर सहा गिअरची घ्या. तुम्ही रोज नाशिकरोडहून द्वारकामार्गे गंगापूर रोडला जाणारे असता तर हेच मत टॉर्क कन्व्हर्टरकडे झुकले असते, कारण दिवसाकाठी दीड तास पहिला-दुसरा केलेल्या माणसाला रविवारी गाडीकडे बघावेसेही वाटत नाही. अशी मॅन्युअल गाडी हौशी माणसाची हौसच मारते.

पण वहिनींना विचारले का? प्रश्नात त्यांचे एकच वाक्य आहे, आणि गाडी दोघांची आहे. नवशिक्याची मॅन्युअलमध्ये भीती एकच असते : चढावर थांबलेली गाडी निघताना मागे सरकेल. आता बऱ्याच गाड्यांत हिल होल्ड असतो, ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी दोनेक सेकंद धरून ठेवतो. नसेल तर हँडब्रेक लावून, क्लच धरतोय असे वाटले की हँडब्रेक सोडायचा. दोन रविवार सकाळी पांडवलेण्याच्या बाजूला एखाद्या चढावर बसलात तर जमून जाईल. शिकवायला शक्यतो तुम्ही बसू नका. नवऱ्याने बायकोला क्लच शिकवताना झालेली भांडणे मी बरीच ऐकली आहेत. एवढे करूनही त्या म्हणाल्या की मला यात मोकळे वाटत नाही, तर विषय संपला. पॅडल असलेला टॉर्क कन्व्हर्टर घ्या. उभी राहिलेली गाडी कुणालाच मजा देत नाही.

खर्चाचे थोडक्यात. नीट चालवली तर लहान पेट्रोल गाडीची क्लचप्लेट लाख किलोमीटरच्या आसपास जाते, त्या दिवाळीतल्या तरुणासारखी चालवली तर पाव लाखात. टॉर्क कन्व्हर्टरचे तेल 'आयुष्यभराचे' असते असे कुणी म्हणाले तर कुणाच्या आयुष्याचे ते विचारा. मी साठ-सत्तर हजार किलोमीटरला बदलतो.

घाट उतरण्याविषयी सांगितल्याशिवाय मला राहवत नाही, कारण दोन्ही पक्ष इथे चुकतात. मॅन्युअलवाले पेट्रोल वाचवायला न्यूट्रल मारतात. आजच्या इंजिनात गिअरमध्ये राहून पाय उचलला की इंजेक्टर पेट्रोल बंदच करतो. न्यूट्रलमध्ये उलट इंजिन चालू ठेवायला ते थोडेथोडे जाळावे लागते. म्हणजे वाचत काही नाही आणि सगळा भार ब्रेकवर. ऑटोमॅटिकवाले 'डी'त टाकून ब्रेक दाबत दाबत उतरतात आणि खाली आल्यावर विचारतात, हा वास कसला. पॅडल किंवा मॅन्युअल मोड कशाला दिला आहे? जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरात चढशील त्याच गिअरात उतर. आजच्या गाड्यांत एखादा गिअर इकडेतिकडे चालतो, तरी गडावरून उतरताना मी दुसऱ्याच्या वर जात नाही. आणि अरुंद जागी चढणाऱ्याला आधी वाट द्यायची. नियमही तसाच आहे.

माझे स्वतःचे विचाराल तर डावा गुडघा गेली तीन वर्षे कुरकुरतो. पिटमध्ये उभे राहून राहून झालेले. रोजची गाडी ऑटोमॅटिक आहे, टॉर्क कन्व्हर्टर, आणि मला त्याची अजिबात लाज नाही. जुनी जिप्सी शेडमध्ये आहे. रविवारी पहाटे त्र्यंबक रोडने अंजनेरीपर्यंत जातो, चहा घेतो, परत येतो. त्या दिवशी गुडघा दुखत नाही. डॉक्टरांना हे पटत नाही.

ट्रायल मात्र नीट घ्या. शोरूमवाले कॉलेज रोडला एक चक्कर मारून आणतात, त्यात कुठलीही गाडी चांगलीच वाटते. सकाळी आठच्या आत वेळ मागा आणि गाडी त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला न्या. एसी चालू, मागे दोन माणसे. मॅन्युअल असेल तर दुसऱ्यातून तिसऱ्यात आणि परत दुसऱ्यात, पाच-सहा वेळा. दांडा अडखळतो का, क्लच कुठे धरतो, पाय पूर्ण दाबताना गुडघा स्टेअरिंगला लागतो का. ऑटोमॅटिक असेल तर पन्नासच्या वेगात अचानक अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा आणि मनात एक-दोन मोजा. दोनच्या आत ओढली नाही तर कळवणच्या रस्त्यावर ती तुम्हाला चिडवणार. मग पॅडलने गिअर खाली मागा आणि देते का, की नुसती पुढे बघत बसते, ते पाहा. रेडिओ बंद ठेवा, सेल्समनलाही तशीच विनंती करा. आणि ट्रायलला कारखान्यातले सेफ्टी शूज घालूनच जा. त्या जाड तळव्यातून क्लचचा अंदाज वेगळाच लागतो, आणि आठवड्याचे सहा दिवस तुम्ही तेच घालून गाडीत बसणार आहात.